हर्नियाची तपासणी : हात कुठवर पुरतो, मशीन कधी लागतं?

डोकं दुखलं की आपण लगेच बोलतो, गुडघा दुखला की दुप्पट बोलतो. पण जांघेत फुगवटा आला तर घरातले अब्बा वर्ष-वर्ष कुणाला सांगत नाहीत. बाळंतपणानंतर अम्मीची बेंबी बाहेर आलेली असते, पण "आता वय झालं, असं व्हायचंच" म्हणून तीही गप्प राहते. जागा लाजेची असल्यामुळे हर्निया हा आपल्या घरांत फार उशिरा बोलला जाणारा आजार आहे. शेवटी कधीतरी डॉक्टरांकडे जाणं होतं आणि हातात सोनोग्राफीची चिठ्ठी पडते. मग रिपोर्ट येतो, तो इंग्रजीत असतो आणि घरात कुणाला धड कळत नाही.

इथे दोन प्रकारची माणसं आम्हाला दिसतात. एक, पोटाच्या दुसऱ्याच तक्रारीसाठी सोनोग्राफी केली, रिपोर्टात खाली 'हर्निया' हा शब्द दिसला आणि घाबरून झोप उडाली. दुसरी, फुगवटा आणि दुखणं दोन्ही आहे, पण रिपोर्ट 'नॉर्मल' आला म्हणून निर्धास्त झाली. दोघांचाही गैरसमज एकच आहे. मशीन सांगेल तेच खरं, असं दोघं धरून चालतात. या महिन्यात आम्ही त्याबद्दलच लिहीत आहोत.

हर्निया म्हणजे नेमकं काय?

मराठीत जुना शब्द आहे अंतर्गळ. पोटाची भिंत स्नायूंची आणि त्यांना जोडणाऱ्या चिवट पडद्यांची बनलेली असते. त्या भिंतीत कुठे छिद्र राहिलं किंवा जागा कमजोर झाली की आतली चरबी, आतड्यावरचा चरबीचा पडदा किंवा खुद्द आतडं तिथून बाहेर येऊ पाहतं. खोकताना, शौचाला जोर करताना, ओझं उचलताना पोटातला दाब वाढतो आणि फुगवटा दिसतो. आडवं झालं की तो पुष्कळदा आत जातो. म्हणून लोकांना वाटतं की आजार गेला.

जागेप्रमाणे त्याचे प्रकार पडतात. सर्वांत जास्त आढळतो तो जांघेतला इंग्वायनल हर्निया. ब्रिटनमधल्या एका मोठ्या अभ्यासात पुरुषांना आयुष्यभरात त्याची शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे 27 टक्के आणि स्त्रियांना सुमारे 3 टक्के आढळली होती. जांघेच्या सांध्याखाली, मांडीच्या सुरुवातीला येतो तो फिमोरल हर्निया. तो कमी आढळतो, पण स्त्रियांत त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं आणि त्यात आतडं अडकण्याचा धोकाही मोठा असतो. बेंबीचा हर्निया सगळ्यांच्या ओळखीचा. जुन्या ऑपरेशनच्या टाक्यांच्या जागी येतो तो इन्सिजनल. सिझेरियन झालेल्या बहिणींनी हा शब्द लक्षात ठेवावा.

छातीत जळजळ करणारा 'हायटस हर्निया' हा वेगळा. तो छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याचा असतो, बाहेर दिसत नाही आणि त्याची तपासणीही वेगळी असते. नाव सारखं म्हणून दोन्हींची गल्लत करू नये.

आधी हात, मग मशीन

पहिली तपासणी डॉक्टरांच्या हाताची असते. रुग्णाला उभं करायचं, खोकायला सांगायचं, फुगवटा कुठून येतो ते पाहायचं, बोटाला धक्का लागतो का ते अनुभवायचं, मग आडवं करून तो आत जातो का ते बघायचं. जांघेतला हर्निया डोळ्यांना स्पष्ट दिसत असेल आणि हाताला लागत असेल तर निदानासाठी वेगळ्या फोटोची गरज नाही, असंच 2018 मध्ये प्रसिद्ध झालेली आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे सर्जननी तपासून "हर्निया आहे, सोनोग्राफी नको" असं सांगितलं तर त्यांनी काम टाळलं असं समजू नये. खर्च वाचवला, असं समजावं.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लाजेपोटी कपड्यावरूनच तपासून घेणं, किंवा डॉक्टरांना फक्त "पोटात दुखतं" एवढंच सांगणं, यामुळे सोपं निदान अवघड होतं. जांघ उघडी करून, उभं राहून तपासल्याशिवाय हर्निया सुटून जाऊ शकतो.

मग मशीन कधी? दुखतं पण फुगवटा सापडत नाही तेव्हा. माणूस स्थूल आहे आणि चरबीखाली हाताला काही लागत नाही तेव्हा. गाठ हर्नियाची आहे की सुजलेल्या ग्रंथीची, चरबीची की वृषणात पाणी भरल्याची, असा संशय असेल तेव्हा. पूर्वी ऑपरेशन झालेल्या जागी पुन्हा त्रास सुरू झाला तेव्हा. स्त्रियांच्या जांघेतली गाठ असेल तेव्हाही, कारण तिथे फिमोरल हर्निया नजरेआड राहण्याची शक्यता जास्त असते.

सोनोग्राफी : उभं राहा, खोका

सोनोग्राफीत किरणं नसतात. कानाला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी शरीरात सोडल्या जातात आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होतं. 1958 मध्ये ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी पोटातल्या गाठींवर या तंत्राचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्याआधी त्यांनी प्रयोग केले होते ते धातूतले तडे शोधणाऱ्या कारखान्यातल्या यंत्रावर. त्यांच्या सुरुवातीच्या रुग्णांत एक बाई होती. तिला पोटाचा असाध्य कॅन्सर आहे असं समजलं जात होतं. प्रतिध्वनींनी दाखवलं की ती अंडाशयातली पाण्याची गाठ आहे. ती काढली गेली आणि बाई वाचली.

हर्नियासाठी सोनोग्राफी उपयोगी पडते, कारण ती हलतं चित्र दाखवते. रुग्ण खोकतो आणि त्याच क्षणी छिद्रातून चरबी किंवा आतडं पुढे सरकताना पडद्यावर दिसतं. आतडं असेल तर त्याची हालचालही दिसते. पोटाच्या भिंतीतल्या एका रक्तवाहिनीच्या कोणत्या बाजूने फुगवटा येतो यावरून जांघेतल्या हर्नियाचा उपप्रकारही ओळखता येतो.

पण हे सगळं तपासणी नीट केली तरच. रुग्णाला फक्त आडवं झोपवून, न खोकवता पाहिलं तर आत गेलेला हर्निया सापडणार नाही आणि रिपोर्ट 'नॉर्मल' येईल. म्हणून टेबलावर झोपल्या झोपल्या स्पष्ट सांगावं : "डॉक्टर, उभं राहिल्यावर इथे फुगतं." बोट ठेवून जागा दाखवावी. फुगवटा कधी येतो, कधी जातो हेही सांगावं. तपासणाऱ्याच्या हातावर ही तपासणी फार अवलंबून असते. फुगवटा दिसत असूनही रिपोर्ट 'नॉर्मल' आला, तर तो घेऊन पुन्हा सर्जनकडे जावं. तो कपाटात ठेवून विसरू नये.

तयारीचं म्हणाल तर फक्त हर्नियासाठी उपाशी राहावं लागत नाही. पित्ताशयासह पूर्ण पोट पाहायचं असेल तर काही तास उपाशी आणि ओटीपोट पाहायचं असेल तर लघवी साठवून, असं सेंटरवाले सांगतात. अपॉइंटमेंट घेतानाच विचारून घ्यावं.

सीटी स्कॅन कधी?

माणसावरचा पहिला सीटी स्कॅन 1 ऑक्टोबर 1971 रोजी लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ले हॉस्पिटलमध्ये झाला. त्याचे जनक गॉडफ्री हाउन्सफिल्ड यांना ॲलन कॉर्मॅक यांच्यासह 1979 चं नोबेल मिळालं. सीटीत एक्स-रेच्या किरणांनी शरीराचे पातळ काप पाडल्यासारखी चित्रं मिळतात.

टाक्यांच्या जागचा मोठा हर्निया असेल तर शस्त्रक्रियेआधी सीटीचा खरा उपयोग होतो. छिद्र किती रुंद आहे, एकच आहे की शेजारी आणखी आहेत, आतडं किती बाहेर आलं आहे, स्नायू किती मागे सरकले आहेत, हे सर्जनला आधी कळतं. छिद्र 4 सेंटिमीटरच्या आतलं आहे की 10 सेंटिमीटरच्या पुढचं, यावर ऑपरेशनचा सगळा बेत ठरतो. काही हर्निया बाहेरून दिसतच नाहीत. पोटाच्या कडेला स्नायूंच्या थरांमध्ये लपलेला स्पिगेलियन, किंवा कृश वृद्ध स्त्रियांत ओटीच्या हाडातल्या छिद्रातून जाणारा ऑब्च्युरेटर. दादीअम्मा मांडीच्या आतल्या बाजूला दुखतं म्हणतात, उलट्या होतात, बाहेर गाठ काहीच नाही, अशा वेळी सीटीच खरं कारण दाखवतो. आतडं अडकल्याचा संशय असेल तरीही सीटी लागतो.

मात्र सीटीत किरणं असतात. पोटाच्या एका सीटीत साधारण तीन-चार वर्षांत निसर्गातून अंगावर येणाऱ्या किरणांइतकी मात्रा मिळते. गरज असताना ही भीती बाळगू नये, पण "एकदा सगळं बघूनच टाकू" म्हणून सीटी करू नये. गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर आधी सांगा. शिरेतून औषध देऊन सीटी करायचा असेल तर मूत्रपिंडाची तक्रार, पूर्वीची ॲलर्जी, थायरॉइड आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी यांची माहिती द्या. एमआरआयमध्ये ही किरणं नसतात. खेळाडूंच्या जांघेतलं न उलगडणारं दुखणं, किंवा सोनोग्राफीनंतरही शंका उरली तर डॉक्टर तो सुचवतात.

साध्या एक्स-रेत हर्निया दिसत नाही. आतडं तुंबलं असेल तर त्याच्या खुणा तेवढ्या दिसतात.

रिपोर्टातले शब्द

'डिफेक्ट' म्हणजे भिंतीतलं छिद्र. पुढे त्याचं माप असतं. 'फॅट' किंवा 'ओमेंटम' म्हणजे बाहेर चरबी आली आहे, 'बॉवेल' म्हणजे आतडं. 'रिड्युसिबल' म्हणजे आत जातं, 'इरिड्युसिबल' म्हणजे जात नाही. 'कफ इम्पल्स' म्हणजे खोकल्यावर येणारा धक्का. 'ऑब्स्ट्रक्टेड' किंवा 'स्ट्रँग्युलेटेड' हे शब्द दिसले तर वाट पाहायची नसते.

बेंबीजवळ एक सेंटिमीटरच्या आतलं छिद्र, त्यात थोडी चरबी, त्रास काही नाही, असं कितीतरी जणांच्या रिपोर्टात असतं. ते सर्जनना दाखवावं, पण त्यावरून घरात रडारड करू नये. 'रेक्टस डायव्हॅरिकेशन' असं लिहिलं असेल तर तो हर्निया नाही. बाळंतपणानंतर पोटाच्या मधले दोन स्नायू एकमेकांपासून दूर सरकतात, त्यात छिद्र नसतं.

हर्निया सापडला म्हणजे उद्याच ऑपरेशन, असंही नाही. अमेरिकेत 720 पुरुषांवर झालेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जांघेतल्या हर्नियाचा त्रास अगदी कमी असलेल्यांनी लक्ष ठेवून थांबणं सुरक्षित ठरलं. थांबलेल्यांत अचानक अडकण्याचं प्रमाण वर्षाला हजारांत दोनपेक्षाही कमी होतं. पण त्यांतल्याच बहुतेकांनी पुढच्या दहा वर्षांत दुखणं वाढल्यामुळे ऑपरेशन करून घेतलं. हा हिशेब पुरुषांचा आहे. स्त्रियांच्या जांघेतल्या हर्नियाला तो लावू नये. तिथे वेळेवर ऑपरेशन करण्याचाच सल्ला दिला जातो.

बहिणींसाठी

तपासणीला महिला डॉक्टर हवी असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा. पुण्यात महिला रेडिओलॉजिस्ट मिळणं आता अवघड राहिलेलं नाही. सोबत घरातली बाई असावी, तपासायची तेवढीच जागा उघडी करून बाकी चादरीने झाकावं, ही मागणी रास्त आहे आणि चांगलं सेंटर ती मान्य करतं. पण महिला डॉक्टर पुढच्या आठवड्यात येणार म्हणून आज कडक झालेली, दुखणारी गाठ घेऊन घरी बसू नये. जीव वाचवण्यासाठी सवलत आहे, हे आपल्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

लहान मुलं, खतना आणि नाफ

तान्ह्या बाळाची बेंबी फुगलेली असेल तर बहुतेकदा ती चार-पाच वर्षांपर्यंत आपोआप बसते. तिच्यावर नाणं बांधल्याने काही होत नाही, उलट कातडी चिघळते. जांघेतला फुगवटा मात्र आपोआप बरा होत नाही आणि बाळांत तो अडकतोही लवकर. बाळ रडताना फुगवटा येतो आणि दवाखान्यात नेमका गायब होतो. तेव्हा घरीच मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांना त्या फोटोचा खरोखर उपयोग होतो. मुलाच्या खतन्याची तयारी चालू असेल आणि जांघेत किंवा अंडकोशात असा फुगवटा कधी दिसला असेल तर सर्जनना आधी सांगा. पुष्कळदा एकाच भुलीत दोन्ही कामं होतात.

आता नाफेबद्दल. पोटात दुखलं की "नाफ टळली", "बेंबी सरकली" म्हणून चोळून देणाऱ्याकडे नेण्याची पद्धत अजून आहे. साध्या दुखण्यात त्याने वेळ निघून जातो, एवढंच. पण दुखण्याचं कारण अडकलेला हर्निया असेल तर चोळल्याने आणि दाबल्याने आतड्याला इजा होते. बेंबीपाशी किंवा जांघेत गाठ असेल तर कुणालाही हात लावू देऊ नका. दुकानातून आणलेला पट्टाही डॉक्टरांना न विचारता बांधू नका. छिद्र त्याने बुजत नाही.

वाट पाहू नका

गाठ अचानक कडक झाली, दुखू लागली, आडवं होऊनही आत जाईना, उलट्या सुरू झाल्या, वारा आणि शौच बंद झालं, ताप आला, वरची कातडी लालसर झाली, यांतलं काहीही दिसलं तर सोनोग्राफीची अपॉइंटमेंट शोधत बसू नका. रात्र असली तरी सरळ सर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्ये जा. गाठ घरी दाबून बसवायला जाऊ नका, तोंडाने काही देऊ नका. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला तर काही तासांतच ते सडू लागतं. मग छिद्र शिवून भागत नाही, आतड्याचा तुकडा कापावा लागतो.

पुण्यात राहणाऱ्यांसाठी

भवानी पेठ, मोमिनपुरा, कॅम्प, कोंढवा, कुठेही राहत असाल तरी पर्याय जवळ आहेत. 1867 पासून चालू असलेलं ससून रुग्णालय आहे, मंगळवार पेठेत महापालिकेचं कमला नेहरू रुग्णालय आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना आणि पालिकेची शहरी गरीब योजना यांत आपण बसतो का, हे ऑपरेशनची तारीख घेण्याआधी चौकशी करून पाहा. धर्मादाय रुग्णालयांना निर्धन रुग्णांसाठी 10 टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी 10 टक्के खाटा सवलतीत ठेवाव्या लागतात. रेशनकार्ड आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात विचारा.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेत पुण्याचं नाव जगात घेतलं जातं, हेही सांगायला हवं. पुण्याचे सर्जन डॉ. मोहन देसरडा यांनी जांघेतल्या हर्नियासाठी जाळी न बसवता, रुग्णाच्याच पोटाच्या स्नायूच्या चिवट पडद्याची पट्टी वापरून भिंत मजबूत करण्याची पद्धत काढली आणि 400 रुग्णांचा अनुभव 2001 मध्ये युरोपातल्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात मांडला. पुढे पोलंडमध्ये 208 पुरुषांवर तिची जाळीच्या पद्धतीशी तुलना झाली. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तीन वर्षांनंतर हर्निया परत येण्याचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच निघालं. आज बहुतेक सर्जन जाळीच वापरतात. कोणती पद्धत कुणाला, हे ते हर्निया पाहून ठरवतात. म्हणूनच रिपोर्टात नुसतं 'हर्निया' एवढं लिहून पुरत नाही. इंग्वायनल की फिमोरल, छिद्र किती, आत काय, हे लिहिलेलं असावं. नसेल तर रिपोर्ट घेताना विचारावं.

नमाज आणि रोजा

हर्निया असताना नमाज पढता येते का, हे नेहमी विचारलं जातं. त्रास होत नसेल तर रुकू-सजद्याला अडचण नाही. दुखत असेल, किंवा ऑपरेशननंतर वाकायला मनाई असेल, तर बसून, खुर्चीवर किंवा इशाऱ्याने पढण्याची सवलत आहे. ती किती दिवस घ्यायची हे सर्जनना विचारा. सोनोग्राफीत जेल कातडीवर लावतात, पोटात काही जात नाही. सीटीसाठी औषध प्यावं लागत असेल तर तारीख रमजाननंतरची घेता येते. आणीबाणीत मात्र रोजासाठी तपासणी पुढे ढकलायची नसते. आजाऱ्याला कजा ठेवण्याची मुभा आहे.

शेवटी एक विनंती. हा अंक वाचून झाला की घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा, "जांघेत, बेंबीपाशी, जुन्या टाक्यांपाशी कधी फुगतं का?" लाजेने ते स्वतःहून सांगणार नाहीत. मुलाने अब्बांना विचारावं, मुलीने अम्मीला. उत्तर "हो" आलं तर या आठवड्यात सर्जनकडे न्यावं. सोनोग्राफी लागते का, हे त्यांच्या हाताच्या तपासणीनंतर ठरेल.